पाचवा पेला

बुडबुडा अंगठ्याच्या नखाखाली सरकला, पण गेला नाही. लेबल आत्ताच चिकटवलेलं, गोंद अजून ओला, आणि कागदाखाली अडकलेला तो मोहरीएवढा हवेचा फुगवटा डावीकडून दाबला की उजवीकडे पळायचा, वरून दाबला की खाली... 'पाचवा' या शब्दाच्या पोटात जाऊन तो बसला तेव्हा तिनं नाद सोडला, बाटली टेबलावर उभी केली आणि हात मांडीवर घेतला. छापखान्यातून नमुना आला होता. वर्षाचा आकडा तेवढा बदललेला. बाकी मजकूर तोच, दोन वर्षांपूर्वी तिनंच लिहिलेला, बाटलीच्या पाठीवरच्या चार ओळी —

आमच्या घरी आई जेवणाच्या टेबलावर नेहमी एक पेला जास्त मांडते.
कोण येणार, असं कुणी विचारत नाही.
येणाऱ्यासाठी जागा असते, तेच घर.
तुमच्याकडे पाचवा पेला कुणाचा?

खाली बारीक अक्षरात द्राक्षाची जात, मद्याचं प्रमाण, गरोदर बायकांसाठी सूचना. नजर चुकवून वाचावं तसं तिनं ते वाचलं. काम म्हणून वाचायचं तर नजर लागते, आणि नजर लागली की... नको. स्पेलिंगं बरोबर होती, एवढं पुरे.

शब्दांचं असं असतं बघा, की माणूस ते लिहून मोकळा होतो आणि ते मात्र माणसाला मोकळं करत नाहीत. या चार ओळी बाटलीवर राहायच्या, तर त्या उतरून चालायला लागल्या. आधी दुकानाच्या दारावर गेल्या, मग बसथांब्यावर, मग चौकातल्या त्या अवाढव्य फलकावर — पांढरं टेबल, चार माणसं हसतायत, आणि पाचव्या खुर्चीसमोर लालभडक भरलेला पेला, खुर्ची रिकामी. मग लोकांच्या घरात शिरल्या. कोणाकडे जेवायला जाताना हातात बाटली न्यायची पद्धत पूर्वीही होतीच. आता बाटली उघडली की यजमानीण एक पेला जास्त आणून ठेवते, सगळे तिच्याकडे कौतुकानं बघतात, आणि कोणीतरी डोळे मिटून म्हणतं, हा माझ्या पहिल्या प्रेमाचा. हशा. गेल्याच महिन्यात एका मैत्रिणीकडे असं झालं. नव्या घराचं पहिलं जेवण, सगळेजण पेला गोल गोल फिरवून त्यात नाक खुपसून 'चेरी', 'ओलं लाकूड', 'मला तर बाई चामड्याची बॅगच आठवली' असं म्हणत होते, मैत्रिणीच्या नवऱ्यानं पाचवा पेला मधोमध ठेवला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला, "आणि ही त्या पेल्याची आई!" टाळ्या. तीही हसली. हसताना तिला वाटलं, आपण उठून तो पेला आत नेऊन ठेवावा... पण पाहुण्यांनी असं काही करायचं नसतं.

टेबलावरचा फोन थरथरला. वाहवा. म्हणजे जाहिरात विभागाचे साहेब. कोणी काहीही दाखवलं तरी आधी "वाहवा" म्हणायचे आणि मग सगळं बदलायला सांगायचे, म्हणून हे नाव. काल त्यांनी तिला बोलावलं होतं.

"आई आहेत ना अजून?"

"कोणाच्या?"

"तुमच्या हो! त्या पेल्यावाल्या."

"आहेत."

"वाहवा! मग झालंच की. यंदा आपण छोटी फिल्म करतोय. खरी आई, खरा हात, खरं टेबल. भाड्यानं आणलेली आई ना, लोक लगेच ओळखतात. पेला ठेवायचा, दाराकडे बघायचं, संपलं. एक अक्षर बोलायला नको. तुम्ही फक्त विचारा. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही."

"विचारते," ती म्हणाली. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर "का?" आलं असतं, आणि त्या 'का'ला तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. आई आता तो पेला ठेवत नाही, हे उत्तर होतं.

लेबल बाजारात आलं, आणि आईनं पेला ठेवणं बंद केलं. त्याच महिन्यात. ती जेवायला गेली तर टेबलावर दोनच पेले — एक आईचा, एक तिचा. तिला वाटलं, विसरली असेल. पुढच्या खेपेला दोन. त्याच्या पुढच्या खेपेला दोन. मग तिनं मोजायचं सोडून दिलं, आणि मोजायचं सोडलं तरी दर वेळी ते दोनच दिसायचे.

आई वाचते. सगळं वाचते — साबणाचं वेष्टण, औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद. जन्मभर शिवणकाम केलं तिनं, टाका चुकला की लांबून ओळखणारे डोळे. ते डोळे चौकातल्या फलकावरून असेच पुढे गेले असतील? आणि जर गेले नसतील, तर दोन वर्षं ती गप्प का? एक शब्द नाही. "तू हे काय केलंस?" एवढंच विचारलं असतं तर तिच्याकडे सगळी उत्तरं तयार होती — अगं ते कामाचं आहे, अगं नाव कुठेय आपलं, अगं चांगलंच तर लिहिलंय. दोन वर्षं ती ही उत्तरं मनात घासूनपुसून ठेवत होती, आणि प्रश्न येतच नव्हता.

कशी आली होती ती ओळ? तिला आठवायचं नव्हतं, म्हणूनच बहुधा नीट आठवत होतं. कारखान्यातले नाकवाले काका — चव घेऊन थुंकून टाकणं हा ज्यांचा चाळीस वर्षांचा धंदा, "आयुष्यभर तोंडात घेतली, पोटात नाही" असं जे अभिमानानं सांगायचे — त्यांनी सहज म्हटलं होतं, "बाटलीत पाच पेले असतात, पोरी. चौघं बसले की एक उरतो, आणि त्या एकावरून आपले पाहुणे एकमेकांचे दुष्मन होतात." वाहवांनी ते उचललं: मग पाचवाच विका! चौघांना बाटली संपवायला लावा, म्हणजे दुसरी उघडेल. गोष्ट द्या, गोष्ट. आणि तिच्या हातून, पेन्सिल कागदाला टेकल्याबरोबर, आईचा पेला बाहेर पडला. आपोआप. जणू तो तिथंच दाराशी उभा होता.

फक्त तो चौथा होता. आई, बाबा, दादा, ती — चौघांचं घर. दादा घर सोडून गेला, जेवायला तिघं राहिली, आणि आई चौथा पेला मांडायची. बाटलीत पाच बसतात म्हणून तिनं चौथ्याचा पाचवा केला. आणि त्यात वाइन नव्हती. घरात ती कधी आलीच नाही. पाणी असायचं. जेवण झालं की आई ते पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायची, पेला धुवायची, पुसायची, सगळ्यांच्या पेल्यांबरोबर पालथा घालायची. देवाला ठेवतात तसं काहीच नाही त्यात — उलट, इतकं साधं, की त्यामुळंच विचारायची सोय नव्हती. बाबा बघायचे आणि घास गिळायचे. असेपर्यंत त्यांनी विचारलं नाही.

मजकूर वाचून नाकवाले काका एवढंच म्हणाले होते, "हे घरचं आहे. घरचं बाटलीत भरू नये, आंबतं."

"काका, आपला धंदाच आंबवण्याचा," ती चटकन म्हणाली होती. सगळे हसले होते. काका सोडून.

दुपारी तिनं नमुन्याची बाटली खणात ठेवली, पर्स उचलली आणि कुणाला न सांगता निघाली.

आईकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून ती कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात फळं घ्यायला शिरली, आणि फळांकडे जायची वाट नेमकी बाटल्यांच्या फळ्यांमधूनच होती. एक तरुण जोडपं तिथं उभं होतं. मुलानं बाटली उचलली.

"ही घेऊ. ती पाचव्या पेल्यावाली."

"अरे, पण आपण दोघंच आहोत."

"म्हणून तर! तुझा एक, आठवणीचा एक, उरलेले तीन माझे."

"तुझी कसली आलीय रे आठवण? तुझं कुणी गेलंय तरी का?"

"माझे केस," तो म्हणाला, आणि कपाळावरून हात फिरवला. मुलगी इतकी हसली की तिला फळीचा आधार घ्यावा लागला. ती त्यांच्या बाजूनं गेली, आणि तिला राग आला नाही याचंच तिला वाईट वाटलं. गोड होती दोघं. कुणी गेलेलं नसताना गेलेल्याचा पेला मांडता येतो, हे तिनंच तर शिकवलं होतं लोकांना — आणि त्यात पाप असलंच तर ते मांडणाऱ्यांचं नव्हतं.

आईच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखी दोन बोटं वर थांबली. दार उघडंच होतं. आई खिडकीशी बसून पडद्याची कड उसवत होती.

"एवढ्या दुपारी? काढून टाकलं की काय कामावरून?"

"नाही गं. भूक लागली."

"खोटं बोलताना तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो, पाळण्यात असल्यापासून. बस. मीही जेवायचीच आहे."

ताटं आली. पेले आले. दोन. आई मीठ आणायला उठली, परत बसली, आणि त्या दोन पेल्यांच्या मधली टेबलाची जागा — घासून घासून फिकट झालेली, ताटाएवढी — तिच्या डोळ्यांसमोर राहिली. फिल्मबद्दल बोलायचं होतं. वाक्य लिफ्टमध्येच जुळवून झालं होतं: आई, गंमत सांगू का, आमच्याकडे एक... पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"आई, तू तो पेला ठेवायचा का बंद केलास?"

आपण हे बोललो, हे तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं.

"कुठला?"

"दादाचा."

या घरात तो शब्द एकोणीस वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. आईनं घास तोंडात घातला. चावला. सावकाश. मग पदरासारखा मांडीवर पसरलेला रुमाल उचलून तोंड पुसलं.

"ती वरच्या मजल्यावरची नाही का, टाचा वाजवत जाते ती? आली होती सुई मागायला. मी जेवत होते. टेबलावर बघून म्हणाली, 'अय्या काकू, तुमच्याकडेपण पाचवा पेला! किती मॉडर्न हो तुम्ही!' मी एकटी, समोर दोन पेले, आणि ही त्याला पाचवा म्हणते." आई हसली. "फोटोपण काढला. मला म्हणाली, जरा बाजूला व्हा."

"मग?"

"मग काय. झाले बाजूला."

"तसं नाही गं... मग तू बंद केलास?"

"मी नाही बंद केला. दुसऱ्या दिवशी ठेवायला गेले, तर मीच मला बघायला लागले. की कशी ठेवतेय. सतरा वर्षं ठेवला, कधी हाताकडे लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, आपण कुणाची तरी नक्कल करतोय. तसं नाही ठेवता येत बाई. तो आला आणि म्हणाला, आई, जाहिरात बघून ठेवलास का, तर काय सांगू?"

बाहेर कोणीतरी जिन्यातून चढत गेलं. पावलं वर, वर, दार, शांत. पाणी प्यायला तिचा पेल्याकडे हात जाईना.

"राग आला असेल तुला," ती म्हणाली. "ज्यानं लिहिलं, त्याचा."

"नाही गं." आईनं मान हलवली. "मी मुद्दाम जाऊन वाचली ती बाटली. चष्मा लावून, दुकानात उभी राहून. दुकानदार बघत होता — त्याला वाटलं, म्हातारीला आता सवय लागली. वाचली आणि... असं उगाच सुचत नाही माणसाला. ज्यानं लिहिलं त्याच्याही घरचं कोणीतरी गेलंय. नक्की. आणि त्यालाही नीट सांगता आलेलं नाही, म्हणून असं बाटलीवर लिहिलंन. मी रोज देवापुढे बसते ना, तेव्हा आपल्याबरोबर त्याच्या घरच्याचंही सांगते — नाव ठाऊक नाही, पण देवाला ठाऊक असेल — की त्यालाही घरी येऊ दे."

आई तिच्याकडे बघत नव्हती. ताटातलं उरलेलं एका कडेला गोळा करत होती, शिवणाच्या चिंध्या गोळा कराव्यात तसं. हिला माहीत आहे. तिला वाटलं, हिला पहिल्यापासून माहीत आहे. आणि लगेच वाटलं, नाही, माहीत असतं तर असं बोलली नसती, इतकं निर्मळ... आणि पुन्हा वाटलं, माहीत असेल तरच कोणी इतकं निर्मळ बोलू शकतं.

"एकच खोटं आहे त्यात," आई म्हणाली.

"काय?"

"ते 'कुणी विचारत नाही' म्हणून लिहिलंय ना. जसं काही ते फार चांगलं आहे." आई उठली. ताट उचललं. "एकानं जरी विचारलं असतं ना, मी सांगितलं असतं. रोज वाट बघायची मी. तुझ्या बाबांची बघितली. तुझी बघितली."

नळ सुरू झाला. ती बसून राहिली. पर्समध्ये फोन थरथरत होता. वाहवा असणार, हो की नाही. थरथरून थांबला.

बाबांनी का विचारलं नाही ते तिला माहीत होतं. तेच दादाला म्हणाले होते, "या टेबलावर पुन्हा बसू नकोस," आणि एकदा विचारलं असतं तर ते वाक्य परत घ्यावं लागलं असतं. पण तिनं? तिनं का नाही? सोळा वर्षांची होती म्हणून? पण मग सतरा, अठरा, पंचवीस, तीस... दादा परीक्षेला बसलाच नाही, रोज सकाळी निघतो आणि दिवसभर नदीवर जाऊन बसतो, हे बाबांना सांगितलं होतं तिनं. काही नाही, उगाच. त्यानं तिची सायकल न विचारता नेली होती म्हणून. आईला "हा पेला कुणाचा" विचारलं असतं तर आईनं विचारलं असतं, "त्याचं बाबांना कुणी सांगितलं गं?" म्हणून तिनं विचारलं नाही. आणि न विचारण्याची सवय होऊन होऊन इतकी गुळगुळीत झाली, की एक दिवस ती सुंदर दिसली, आणि तिनं ती छापली.

आणि मग तो आला. म्हणजे आठवण. पण या वेळी वेगळीच — एरवी दादा आठवायचा तो ओळ होऊन; दारातला दादा, रिकामी खुर्ची, अर्धा राहिलेला घास; प्रत्येकाखाली एक वाक्य आपोआप छापलेलं. आत्ता आठवला तो मोरीच्या कडेला एक पाय ठेवून पायाची नखं कापणारा, दातांच्या फटीतून शीळ घालणारा, आणि शीळ कायम एका ठिकाणी चुकणारा — एकाच ठिकाणी, रोज, आणि ती आतून ओरडायची, "दादा, गप्प बस ना रे!" याची काही ओळ होत नव्हती. सवयीनं ती थांबली, खाली वाक्य उमटायची वाट बघत. उमटलं नाही. तो नुसता नखं कापत राहिला, चुकत राहिला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला तो हवासा वाटला. तो, ती चुकणारी शीळ, सगळंच.

"चहा टाकू का?" आतून आईनं विचारलं. "की जायचंय तुला?"

आईला सगळं माहीत असेल, या भीतीनं ती वर आली होती. आता नळाच्या पाण्याखाली ताटं वाजत होती, ती पाठमोरी बाई कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यासाठी रोज देवाकडे मागणं मागत होती, आणि तिला भीती वाटायला लागली ती याची, की हिला यातलं खरंच काही माहीत नसेल. आणि तसं असेल, तर ते सांगायला या जगात आता दुसरं कोणी नाही.

"टाक," ती म्हणाली. आवाज नीट आला नाही म्हणून तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला.